कपाचा कान, पुस्तकाचा कणा

समजा, तुम्ही एका कपाटासमोर उभे आहात. पुस्तकांच्या कण्यांवरून बोट फिरवत नावं वाचताय आणि मध्येच बोट अडकतं. कशात? चक्क चहाच्या कपाच्या कानात! पुस्तकाच्या कण्यावर चिनी मातीच्या कपाचा तुटका कान बसवलाय. म्हणजे हे पुस्तक बाहेर काढायचं, तर कप उचलतो तसं कानाला धरून उचलायचं.

ही कुठल्या अ‍ॅड एजन्सीची आयडिया नाही, की एखाद्या कॉफी शॉपच्या सजावटीचा भाग नाही. हे पुस्तक खरोखर आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये ते जपून ठेवलंय. ते बांधलंय मेरी रेनॉल्ड्स नावाच्या एका बाईने. नाव ऐकलं नाहीये ना? त्यात तुमची काही चूक नाही. जगाने तिला वर्षानुवर्षं ‘मार्सेल द्युशाँची मैत्रीण’ एवढ्याच नावाने ओळखलं. द्युशाँ म्हणजे तोच, ज्याने १९१७ मध्ये बाजारात मिळणारं मुतारीचं भांडं ‘फाउंटन’ म्हणून प्रदर्शनाला पाठवलं आणि कलेच्या जगाची झोप उडवली.

पण ते भांडं बाजूला ठेवू. आज बोलू या मेरीच्या पुस्तकांबद्दल.

कव्हर म्हणजे ब्राऊन पेपर नव्हे!

आपल्यासाठी कव्हर म्हणजे काय? जून महिना, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री जमिनीवर पसरलेले ब्राऊन पेपर, डिंक आणि नाव लिहायची लेबलं. कव्हर असतं ते पुस्तक मळू नये म्हणून. आत इतिहास असो की भूमिती, बाहेरून सगळं सारखंच.

त्या काळच्या फ्रान्समध्ये मामला थोडा वेगळा होता. तिथे बरीचशी पुस्तकं साध्या कागदी वेष्टनात विकली जायची. कित्येकदा पानांच्या कडाही कापलेल्या नसायच्या, वाचणाऱ्याने सुरीने कापत कापत वाचायचं. आवडलंच पुस्तक, तर मग ते बाइंडरकडे न्यायचं आणि आपल्या पसंतीने, आपल्या खिशाप्रमाणे बांधून घ्यायचं. थोडक्यात, शिंप्याकडे कापड देऊन सूट शिवून घेण्यासारखंच. त्यामुळे बाइंडिंग ही तिथे नुसती कारागिरी राहिली नव्हती. त्यात फॅशन होती, चढाओढ होती, मोठी नावं होती.

असं एक मोठं नाव म्हणजे पिएर लग्रँ. झाक दूसे या बड्या फॅशन डिझायनरच्या संग्रहातली पुस्तकं तो बांधायचा. फुलापानांची जुनी नक्षी त्याने मोडीत काढली. पुढचा पुठ्ठा, कणा आणि मागचा पुठ्ठा हा सगळा मिळून एकच कॅनव्हास समजायचा, हा त्याचा फंडा. आता गंमत बघा. याच दूसेचा कलेच्या खरेदीतला सल्लागार होता आंद्रे ब्रेताँ. पिकासोचं ‘आव्हीन्योंच्या तरुणी’ हे गाजलेलं चित्र दूसेने ब्रेताँच्याच सांगण्यावरून १९२४ मध्ये घेतलं. आणि त्याच वर्षी या ब्रेताँने सर्रिअ‍ॅलिझमचा जाहीरनामा लिहिला.

सर्रिअ‍ॅलिझम, आपल्या मराठीत अतिवास्तववाद. शब्द जड आहे, पण कल्पना तुम्हाला रोज पहाटे भेटते. स्वप्नात ऑफिसची लिफ्ट उघडते आणि समोर आजोळचं अंगण असतं, आणि त्या वेळी त्यात काहीच विचित्र वाटत नाही. या मंडळींना हेच हवं होतं. जागेपणी एकमेकांचं तोंडही न पाहणाऱ्या दोन वस्तू शेजारी ठेवायच्या आणि बघणाऱ्याच्या डोक्यात ठिणगी पडते का बघायचं. मेरेत ओपनहाइमने १९३६ मध्ये कप, बशी आणि चमचा हरणाच्या केसाळ कातड्याने मढवले, ते यातूनच. कप ओळखीचा, कातडं ओळखीचं. पण ओठाला लावायच्या नुसत्या कल्पनेने अंगावर काटा येतो.

मग पुस्तक का मागे राहील? १९३० च्या दशकात कवी जॉर्ज ह्युन्ये याने पॅरिसमध्ये बाइंडिंगचा स्टुडिओच काढला आणि अशा पुस्तकांना नाव दिलं ‘लिव्हर-ऑब्जे’. म्हणजे पुस्तक-वस्तू. वाचायचंही आणि वस्तू म्हणून बघायचंही. पण या खेळात सगळ्यात हळुवार आणि सगळ्यात मिस्कील हात होता तो मेरीचाच.

चाळिशीच्या उंबरठ्यावर क्लास

मेरीचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. १९१३ मध्ये व्हॅसार कॉलेजातून पदवी घेतली, १९१६ मध्ये लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये संसार थाटला. कलाकार, लेखक, रात्री उशिरापर्यंत गप्पा. सगळं कसं छान चाललं होतं. पहिल्या महायुद्धात नवरा सैन्यात भरती होऊन युरोपात गेला. युद्ध संपलं, तो वाचला; आणि जानेवारी १९१९ मध्ये फ्लूच्या साथीत गेला. तेव्हा मेरी होती सत्तावीस वर्षांची.

घरच्यांचं म्हणणं होतं की परत ये, पुन्हा संसाराला लाग. कुठल्याही देशातल्या घरच्यांचं असतं तसंच. मेरीने १९२१ मध्ये पॅरिस गाठलं.

तिथे पुढे द्युशाँशी सूत जुळलं. पण स्वारी बंधनात अडकणाऱ्यांपैकी नव्हती. नातं चारचौघांत दाखवायचं नाही, एका घरात राहायचं नाही, असा सगळा प्रकार. त्यात १९२७ मध्ये साहेबांनी दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं आणि काही महिन्यांतच मोडलंही! मेरीला काय वाटलं असेल, ते आजच्या ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’वाल्या पिढीला वेगळं सांगायला नको. पुढे दोघं पुन्हा एकत्र आली आणि हळूहळू पॅरिसच्या कलावर्तुळात ती एक जोडी म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

१९२९ मध्ये मेरीने स्वतःसाठी एक गोष्ट केली. लग्रँकडे ती बाइंडिंग शिकायला लागली. वय किती? चाळिशीला दोन-तीन वर्षं कमी. ‘आता या वयात काय नवीन शिकायचं’ म्हणणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी. त्याच वर्षी लग्रँ वारला. शिक्षण फार काळ मिळालं नाही, पण मिळालं ते पुरलं.

आणि हे काम काही रविवार सकाळचा टाइमपास नव्हे. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालून पानांचा जुडगा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असा एकेक फर्मा घडीतून सुईदोऱ्याने शिवायचा. कण्याला सरस लावून तो गोलसर करायचा. दोन्ही बाजूंचे पुठ्ठे बांधायचे. मग चामडं. ते कडेला धारदार सुरीने इतकं पातळ तासायचं की दुमडल्यावर उंचवटा जाणवता कामा नये. जरा हात जड झाला की भोक! शेवटी पितळी ठसे तापवून सोन्याचा वर्ख दाबायचा. तिथे एकदा चुकलं की चुकलं. कॉम्प्युटरवर ‘अन्डू’ मारायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे ऐकूनच घाम फुटेल.

यू, बी, यू

मेरी आणि द्युशाँच्या जोडीचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९३५ चं. आल्फ्रेद जारीचं ‘उबू रुआ’ हे नाटक, म्हणजे ‘राजा उबू’. खादाड, भित्रा आणि क्रूर अशा उबूची ही कथा. १८९६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर पहिल्याच प्रयोगात पहिल्याच शब्दाला या नाटकाने दंगा उडवला होता. तो शब्द होता एक शिवी, तीही मुद्दाम एक अक्षर घुसडून वाकडी केलेली.

आता या पुस्तकाला कव्हर कसं घालावं? मुकुट घातलेला राजा काढणं अगदीच सोपं झालं असतं. द्युशाँने डिझाइन केलं ते असं: पुढचा पुठ्ठाच ‘यू’ या रोमन अक्षराच्या आकारात कापायचा. कणा म्हणजे ‘बी’. आणि मागचा पुठ्ठा पुन्हा ‘यू’. पुस्तक पालथं उघडून ठेवलं की कव्हरवर काही छापलेलं नसतं. कव्हर हेच नाव असतं! आतल्या बाजूला काळं रेशमी अस्तर, आणि पुढच्या ‘यू’च्या रिकाम्या जागेतून दिसतो सोन्याचा मुकुट. राजाचं डोकं गायब, नुसता मुकुट. उबूबद्दल आणखी काय बोलायचं बाकी राहिलं?

डिझाइन द्युशाँचं हे खरं. पण जाड पुठ्ठा अक्षराच्या आकारात कापून त्याच्या प्रत्येक आतल्या वळणावर सुरकुती न पडू देता चामडं बसवणं, ही मेरीच्या बोटांची करामत. ऑफिसात ज्यांनी रात्रभर जागून दुसऱ्याच्या आयडियाची प्रेझेंटेशन्स बनवली आहेत, त्यांना हा फरक बरोबर कळेल.

हात नसलेले हातमोजे

पण कल्पना काय फक्त द्युशाँच्याच होत्या? मुळीच नाही. १९३७ मध्ये मॅन रेची रेखाचित्रं आणि पॉल एल्युआरच्या कविता असलेलं एक पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘मोकळे हात’. इथे क्रमही उलटा होता. एरवी कवितेवर चित्र काढतात, इथे आधी चित्रं आली आणि कवीने त्यांच्यावर कविता केल्या. मेरीने या पुस्तकाच्या बांधणीत चामड्याचे खरेखुरे हातमोजे कापून बसवले. आपण पुस्तक हातात घेतो, तेव्हा आपला हात त्या रिकाम्या हातमोज्यावर पडतो. मोकळे हात कोणाचे? चित्रकाराचे, कवीचे, बांधणारीचे की आपले? एक अक्षर न वाचता आपण पुस्तकाच्या आत शिरलेलो असतो.

आणि तो कपाचा कान? ते पुस्तक म्हणजे रेमाँ केनोची १९४८ ची कादंबरी ‘सँ-ग्लँग्लँ’. तिच्यातल्या गावात दर वर्षी एक उत्सव होतो. त्यात चिनी मातीची भांडी मांडायची आणि मग ती फोडायची! मेरीने बहुतेक तेवढं वाचून स्मितहास्य केलं असणार. फुटलेल्या त्या ढिगातला एक कान जणू उचलून तिने कण्यावर बसवला.

बाइंडिंगचा सर्रिअ‍ॅलिझम म्हणजे काय, ते इथे कळतं. चित्रविचित्र वस्तू चिकटवणं म्हणजे सर्रिअ‍ॅलिझम नव्हे. ते काय, गणपतीच्या मखराला थर्माकोल चिकटवतो तसं कोणीही चिकटवेल. मेरीने आधी पुस्तक मन लावून वाचलं, मग त्यातली एक वस्तू बाहेर काढून आपल्या हातात दिली. समीक्षक चार पानं लिहितात, मेरीने एक कान बसवला. तिची बांधणी हेच तिचं वाचन होतं.

फ्रीडा आली घरा

पॅरिसच्या रू आले या रस्त्यावरचं चौदा नंबरचं तिचं घर म्हणजे सगळ्यांचा अड्डा. शिल्पकार ब्रांकुशी, मॅन रे, सॅम्युएल बेकेट अशी मंडळी तिथे जायची-यायची. १९३९ च्या सुरुवातीला फ्रीडा काहलो पॅरिसला आली. ब्रेताँने तिला मोठ्या प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं होतं, पण येऊन बघते तर तयारीच्या नावाने सगळा आनंदीआनंद. चित्रं कस्टममध्ये अडकलेली, गॅलरी ठरलेली नाही. द्युशाँने खटपट करून गाडं रुळावर आणलं. त्यात फ्रीडाची तब्येत बिघडली. हॉस्पिटलमधून सुटल्यावर ती राहायला गेली ती मेरीच्या घरी. मार्चमध्ये प्रदर्शन झालं आणि तिचं ‘द फ्रेम’ हे चित्र फ्रेंच सरकारने विकत घेतलं.

फ्रीडाचा चेहरा आज टी-शर्टपासून मगपर्यंत सगळीकडे आहे. तिला घरात ठेवून घेणाऱ्या बाईचं नाव मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२५ मध्ये फ्रीडाच्या पॅरिसमधल्या मुक्कामावर आणि मेरीशी झालेल्या मैत्रीवर खास प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे फ्रीडाच्या फॅन्सना मेरीच्या बांधण्या पाहायला मिळाल्या.

कोडनेम : जंटल मेरी

१९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. द्युशाँने देश सोडायची तयारी केली आणि १९४२ मध्ये तो अमेरिकेला निघून गेला. मेरीलाही चल म्हणत होता. ती अमेरिकन नागरिक, जायला हरकत काहीच नव्हती. पण मेरी राहिली.

नुसती राहिली नाही. चामडं तासणारी, कप-हातमोज्यांशी खेळणारी ही बाई ‘ग्लोरिया एसएमएच’ नावाच्या भूमिगत संघटनेत सामील झाली. चित्रकार पिकाबियाची मुलगी जानिन ही या संघटनेची एक प्रमुख. सॅम्युएल बेकेटही याच संघटनेत होता. मेरीचं टोपणनाव होतं ‘जंटल मेरी’. मवाळ मेरी!

ऑगस्ट १९४२ मध्ये एका पाद्र्याने संघटनेशी दगाफटका केला. तो जर्मनांचा हेर होता. भराभर माणसं पकडली गेली. मेरी निसटली आणि त्या वर्षाच्या अखेरीस, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पिरनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये उतरली. तिथून लिस्बन आणि मग न्यूयॉर्क. तिच्या या सुटकेची कहाणी पत्रकार जेनेट फ्लॅनरने १९४३ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये तीन भागांत लिहिली. अर्थात नाव बदलून. म्हणजे इथेही मेरीचं नाव नाहीच!

युद्ध संपताच, १९४५ मध्ये, मेरी पॅरिसला परतली. केनोच्या कादंबरीवरचा तो कान त्यानंतरचा. युरोपभर घरंदारं फुटून पडलेली असताना ही बाई एका फुटक्या कपाचा कान जपून पुस्तकाला लावत होती, हे लक्षात घेतलं की त्या गमतीला एक वेगळाच अर्थ येतो.

कृपया हात लावावा

१९४७ मध्ये द्युशाँने पॅरिसच्या सर्रिअ‍ॅलिस्ट प्रदर्शनाच्या कॅटलॉगचं कव्हर केलं. त्याच्या खास प्रतींवर फोम रबरचा स्तन चिकटवला होता आणि मागे सूचना होती, ‘कृपया हात लावावा’. म्युझियममधल्या पाटीच्या बरोब्बर उलट! भरपूर गवगवा झाला, आजही होतो.

मेरीने असं काही कधी छापलं नाही. बाइंडिंगचं दुकान काढलं नाही, नाव करण्यासाठी धडपड केली नाही. बरंचसं काम स्वतःच्या आणि मित्रांच्या पुस्तकांवर केलं. ३० सप्टेंबर १९५० रोजी ती कॅन्सरने गेली. आजारपणाची बातमी कळताच न्यूयॉर्कहून धावत आलेला द्युशाँ शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ होता. तिच्या भावाने तिची पुस्तकं आणि कागदपत्रं आर्ट इन्स्टिट्यूटला दिली. १९५६ मध्ये या संग्रहाची सूची निघाली. तिची प्रस्तावना लिहिली द्युशाँने. एकेकाळी नातं लपवणाऱ्या माणसाने मेरीच्या नावाच्या संग्रहासाठी मन लावून केलेलं हे काम. उशिरा का होईना, क्रेडिट दिलं म्हणायचं.

ही आर्ट इन्स्टिट्यूट आपल्याला अगदीच परकी नाही बरं का. १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांचं गाजलेलं भाषण झालं ते याच इमारतीत. आणि मुंबईच्या जितीश कल्लाटने २०१० मध्ये तेच भाषण रंगीत दिव्यांच्या अक्षरांत मांडलं, तेही तिथल्याच जिन्याच्या पायऱ्यांवर. ऑनसाइट किंवा चुलतभावाकडे म्हणून शिकागोला गेलात, तर मेरीची पुस्तकं बघायला मिळतात का याची चौकशी जरूर करा. नाहीतर संग्रहाची छायाचित्रं इंटरनेटवर आहेतच.

एक गंमत मात्र बोचते. ही पुस्तकं केली होती हातात धरण्यासाठी. हातमोज्यावर हात पडावा, कानाला धरून उचलावं यासाठी. आणि आज प्रदर्शनात ती काचेआड असतात. आपण त्यांच्यासमोर उभे राहतो आणि नकळत आपली दोन बोटं कपाचा कान धरल्यासारखी वाकतात.

चौकट : तुमचं पुस्तक, तुमची बांधणी

* आधी पुस्तक शिवलेलं आहे का बघा. कण्याच्या वरच्या टोकाला पानांचे छोटे छोटे जुडगे दिसले, तर शिवलेलं. सगळी पानं सुटी आणि एका रेषेत दिसली, तर नुसतं चिकटवलेलं. शिवलेलं पुस्तक पुन्हा बांधणं सोपं.
* दुर्मीळ किंवा आजोबांच्या सहीचं पुस्तक असेल तर मूळ कव्हरला हात लावू नका. त्याच्या मापाची पेटी करून घ्या आणि हौस त्या पेटीवर भागवा.
* बाइंडरला मूळ कव्हर आत बांधायला सांगा. नाहीतर ते कचऱ्यात जाण्याची दाट शक्यता!
* आता मेरीचा गृहपाठ. पुस्तक संपवा, डोळे मिटा. त्यातली कुठली एक वस्तू आठवते? किल्ली? चष्म्याची काडी? एसटीचं तिकीट? कव्हरवर फक्त तीच हवी. दोन वस्तू आठवल्या तर पुस्तक पुन्हा वाचा.